अल्सरचा कोर्स झाला, मग छातीत जळजळ का?

"डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चौदा दिवस न चुकता घेतल्या. पोटातले दुखणे गेले. पण आता जेवून आडवे झाले की छातीत जळजळते, आंबट पाणी घशाशी येते. म्हणजे जंतू गेलेच नाहीत का?" अल्सरचे उपचार घेतलेल्यांकडून हा प्रश्न आम्हाला वरचेवर ऐकायला मिळतो. काहीजण तर 'उपचारानेच नवे दुखणे लावले' म्हणून घरातल्या दुसऱ्या रुग्णाचा कोर्स अर्ध्यावर थांबवतात. तसे मुळीच करू नये.

हे दोन आजार वेगळे आहेत. अल्सर म्हणजे जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला पडलेली जखम. ती तिखटाने आणि काळजीने होते असे डॉक्टरही पूर्वी मानत. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूकडे बोट दाखवले. कोणी ऐकेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी ते जंतू स्वतःच पिऊन पोटाला सूज आणून दाखवली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

जळजळीचे कारण मात्र निराळे. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप सैल पडली की आम्ल वर चढते. आपण त्याला 'पित्त' म्हणतो. जंतू मारल्याने झडप घट्ट होत नाही. पुष्कळांना हा त्रास आधीपासूनच असतो, अल्सरच्या वेदनेपुढे तो जाणवत नाही इतकेच.

तरी शंका अगदीच निराधार नव्हती. 1997 मध्ये जर्मनीतील डॉक्टरांना असे दिसले की, जंतू गेलेल्या अल्सर-रुग्णांत अन्ननलिकेला सूज येण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आहे. काहींच्या जठरात जंतूंमुळे आम्ल कमी झालेले असते, जंतू गेल्यावर ते पुन्हा तयार होऊ लागते. शिवाय दुखणे थांबले की माणूस पोटभर जेवतो, वजन वाढते. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आतड्याच्या अल्सरच्या रुग्णांत असा ठोस संबंध आढळला नाही. म्हणून जंतू काढावेत असेच डॉक्टर सांगतात. ते राहिले तर अल्सर पुन्हा होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1994 मध्येच हा जंतू कर्करोगकारक ठरवला आहे.

आणखी एक गोष्ट. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल अशा गोळ्या महिना-दोन महिने घेऊन एकदम बंद केल्या, तर आम्ल काही दिवस उसळते. ती जळजळ बहुधा आपोआप ओसरते. म्हणून स्वतःच्या मनाने वर्षभर गोळ्या सुरू ठेवू नका. कशा कमी करायच्या, ते डॉक्टरांना विचारा.

जंतू गेले की नाही हे जळजळीवरून कळत नाही, तपासणीनेच कळते. अँटिबायोटिक संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करतात. त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद असावी लागते. रक्ताच्या तपासणीवर यासाठी पैसे घालवू नका. जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने 'पॉझिटिव्ह' येऊ शकते.

घरी काय करावे? जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. रात्रपाळीहून येऊन जेवणाऱ्यांना हे जड जाते हे आम्ही जाणतो. त्यांनी निदान झोपण्याआधीचे जेवण हलके ठेवावे. खाट असेल तर डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा. जमिनीवर झोपत असाल तर गोधडीची घडी कमरेपासून वर चढती घाला, नुसत्या दोन उश्या घेतल्या तर पोट दुमडते. डाव्या कुशीवर झोपणे बरे. तंबाखू, बिडी आणि दारू सोडा. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी अल्सर झालेल्या माणसाने घेऊ नये. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना अल्सरचे सांगा.

डांबरासारखी काळी शौचाला झाली, उलटीत रक्त आले, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. घास अडकत असेल किंवा वजन उतरत असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नका. छातीतले दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर सोड्याची पुडी घेत बसू नका. आधी हृदयाचा कार्डिओग्राम काढून घ्या.