क्लच कधी बदलावा? ऊस वाहतूकदार सभासदांसाठी एक पाठ



बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, खोडव्याची निगा या विषयांवर आम्ही या पानांतून नेहमी लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा, पण आपल्या उसाच्या पैशाशी तितकाच जोडलेला आहे. तो म्हणजे ट्रॅक्टरचा क्लच. ऊस विकास विभागाचे आणि क्लचचे काय नाते, असे कोणी विचारील. नाते सरळ आहे. लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा कार्यक्रम कितीही नेटका लावला, तरी तोडलेला ऊस गव्हाणीपर्यंत पोचवतो तो ट्रॅक्टर. तोच कालव्याच्या पुलाच्या चढावर उभा राहिला, तर टोळी फडात बसून, मुकादम वाटेकडे डोळे लावून आणि ऊस उन्हात, अशी गत होते.

तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, हे आपण सगळे जाणतो. उशीर झाला की उसाचे पाणी उडून वजन घटते आणि आतल्या साखरेचे विघटन सुरू होऊन उताराही बसतो. हिशेब करून पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. दोन ट्रॉल्यांत १८ टन माल आहे आणि एका दिवसाच्या खोळंब्याने वजनात शंभरास दोनच घट आली असे धरले, तरी ३६० किलो ऊस गेला. म्हणजे एका खेपेला सुमारे १,२७८ रुपये वाऱ्यावर गेले. फडात तोडून पडलेला माल, टोळीचा बुडालेला दिवस आणि वाहतूकदाराच्या हुकलेल्या खेपा यात धरलेल्याच नाहीत.

बैल आजारी पडायच्या आधी रवंथ सोडतो, मान टाकतो. जाणता शेतकरी तेवढ्यावरून ओळखतो. क्लचही एका दिवसात जात नाही. तो महिना-दोन महिने आधीपासून सांगत असतो. ते सांगणे कसे ओळखावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१. क्लच काम कसे करतो

इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक असते. त्याला चिकटून क्लच प्लेट बसते. प्लेटच्या दोन्ही अंगांना घासून धरणारे अस्तर रिव्हेटनी बसवलेले असते. मागून प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगांच्या जोराने ही क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल वर असताना तिन्ही एकजीव फिरतात आणि इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून चाकांना मिळतो. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटची बोटे दाबते, पकड सुटते आणि गिअर टाकता येतो. डबल क्लचच्या ट्रॅक्टरला पेडल अर्धे दाबले की चाकांचा जोर तुटतो आणि पूर्ण दाबले की पीटीओही थांबतो.

सारांश, सगळे काम त्या अस्तराच्या पकडीवर चालते. अस्तर झिजणारच, प्रश्न फक्त किती आणि केव्हा एवढाच.

२. क्लच देत असलेल्या खुणा

(अ) क्लच सरकणे. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडते, पण ट्रॅक्टर त्या मानाने पुढे जात नाही. ही खूण प्रथम भरल्या ट्रॉल्यांसह, वरच्या गिअरमध्ये, चढावर दिसते. रिकाम्या ट्रॅक्टरला ती कळतही नाही, म्हणून ड्रायव्हर म्हणतो, “घरी तर बरा चालतो की!” सोबत जळका वास येतो आणि डिझेल जास्त लागते.

(आ) क्लच न सुटणे. पेडल पूर्ण दाबूनही गिअर खरखरतो, किंवा गिअरमध्ये उभा असलेला ट्रॅक्टर हळूहळू पुढे सरकतो. पेडलची मोकळी चाल फार वाढली असेल, प्लेट वाकली असेल किंवा शाफ्टच्या खाचांत अडकली असेल, तर असे होते.

(इ) धक्के मारत उचलणे. पेडल सावकाश सोडले तरी ट्रॅक्टर थरथरत, हिसके देत निघतो. प्लेटवर ऑइल आले असेल किंवा फ्लायव्हील तापून त्यावर डाग पडले असतील, तर ही खूण दिसते.

(ई) आवाज. पेडल दाबताच घरघर सुरू होत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग गेलेले असते. उलट पेडल वर असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर आधी गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे पाहावे.

३. सेटिंग की बदल?

प्रत्येक खुणेला नवी प्लेट लागत नाही. आधी पेडलची मोकळी चाल तपासावी. पेडल बोटाने दाबले असता जोर लागण्यापूर्वी ते जेवढे सैल खाली जाते, ती मोकळी चाल. पुष्कळ ट्रॅक्टरांना ती इंचाच्या आसपास असते, मात्र नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहूनच ठेवावा. अस्तर झिजत जाते तशी ही चाल कमी होते. ती शून्यावर आली की पाय काढल्यावरही पेडल अर्धवट दाबल्यासारखेच राहते आणि क्लच सरकू लागतो. अशा वेळी नुसते सेटिंग करून काम भागते.

पण दर आठ-पंधरा दिवसांनी सेटिंग करावे लागते, किंवा चाल बरोबर असूनही भार घेताना क्लच सरकतो, अशी स्थिती आली की अस्तराचे आयुष्य संपले असे समजावे. ऑइल आले असेल तर तेही सेटिंगने जाणार नाही.

खात्रीसाठी एक परीक्षा आहे. ट्रॉल्या सोडाव्यात. सपाट जागी, पुढे-मागे कोणी नाही हे पाहून चाकांना दगड लावावेत आणि दोन्ही ब्रेक एकत्र जोडून घट्ट दाबावेत. वरचा गिअर टाकून, इंजिन मध्यम वेगावर ठेवून पेडल सावकाश सोडावे. क्लच चांगला असेल तर इंजिन तिथेच बंद पडते. इंजिन तसेच फिरत राहिले तर प्लेट सरकते आहे. ही परीक्षा एकदा, फार तर दोनदा करावी; पुन्हा पुन्हा केल्यास चांगली प्लेटही तापते.

४. “हंगाम निघू दे, मग बघू”

हे वाक्य आम्ही गटोगटी ऐकतो. रिव्हेटपर्यंत झिजलेली प्लेट चालवत राहिले की रिव्हेटची डोकी फ्लायव्हील खरवडतात. मग प्लेटच्या कामात लेथचे काम वाढते, कधी फ्लायव्हीलच बदलावे लागते.

पैशापेक्षा मोठी गोष्ट जिवाची आहे. सरकणारा क्लच चढावर दगा देतो. पंधरा-वीस टन माल मागे ओढू लागला की ट्रॉल्या दुमडतात. खाली उतरून चाकामागे दगड लावायला धावतो तो बहुधा कोवळा पोर असतो. त्याच्या अंगावरून चाक गेले तर कोणता हंगाम निघाला म्हणायचा? क्लच सरकतो आहे हे कळल्यावर भरल्या ट्रॉल्या चढावर घालू नयेत, असे आमचे स्पष्ट सांगणे आहे.

५. काम करून घेताना

क्लचसाठी ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. ही मजुरी एक भाग बदला की चार, तेवढीच पडते. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि शाफ्टच्या टोकाचे बेअरिंग एकाच वेळी तपासून, झिजले असेल ते बदलून घ्यावे. प्लेट ओली निघाली तर ऑइल इंजिनाच्या मागच्या सीलमधून आले की गिअरबॉक्सच्या, ते आधी शोधावे. सील तसेच ठेवून घातलेली नवी प्लेट पुन्हा वाया जाते. रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुऊ देऊ नये. आतले ग्रीस निघून जाते. जुन्या प्लेटांच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असे, त्याची धूळ छातीला घातक. म्हणून ती हवेच्या दाबाने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. नवी प्लेट बसल्यावर पहिले काही दिवस हलका भार द्यावा.

६. ड्रायव्हरच्या सवयी

क्लचचे आयुष्य ड्रायव्हरच्या डाव्या पायात असते. चालताना पाय पेडलवर टेकवून ठेवणे ही सर्वांत वाईट खोड. चढावर अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर तोलून धरू नये, त्यासाठी ब्रेक आहे. भरल्या ट्रॉल्या नेहमी खालच्या गिअरमध्ये उचलाव्यात. आपल्या काळ्या रानात चाक रुतले तर इंजिन तापवत बसू नये. एक ट्रॉली सोडावी, एकेक करून बाहेर काढावी. यार्डातल्या रांगेत दर दोन मिनिटांनी हातभर सरकण्यापेक्षा पुढे चांगली मोकळी जागा होऊ द्यावी आणि एकदाच पुढे जावे. थांबल्यावर गिअर काढावा, पाय खाली घ्यावा. उतारावर मात्र क्लच दाबून किंवा गिअर काढून ट्रॉल्या कधीही सोडू नयेत.

पावसाळ्यात ट्रॅक्टर महिनोन् महिने उभा राहिला तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. त्यासाठी पेडल दाबून खिटीने अडकवून ठेवावे आणि ट्रॅक्टर छपराखाली लावावा.

सभासदांनी करावयाचे काम थोडेच आहे. वाहतुकीचा करार करण्यापूर्वी मोकळी चाल मोजावी, वर दिलेली परीक्षा करावी आणि शंका आल्यास बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी मेस्त्रीकडे ट्रॅक्टर लावावा. त्या दिवसांत मेस्त्रीला सवड असते, सामान पारखून घेता येते आणि आपला ऊसही फडात उभाच असतो. एकदा कोयता लागल्यावर ही सवड मिळत नाही. ज्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर नाही, त्यांनीही आपला ऊस नेणाऱ्या वाहतूकदाराला हे विचारायला संकोच करू नये. ट्रॉलीतला माल त्यांचाच आहे.

कळावे.

ऊस विकास अधिकारी, श्रीपूर