टेहळणीची चिलखती गाडी

१७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन नांदेड-लातूरच्या शाळांत तुम्ही दरवर्षी साजरा करता. १९४८ साली १३ सप्टेंबरला भारतीय सैन्याची चिलखती दले सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरली. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल त्यांच्या हाती शाबूत लागला आणि त्याच दिवशी ती उमरग्यापर्यंत पोचली. याउलट लोहाऱ्याकडे निघालेली तुकडी नदीला पूर आल्यामुळे अडून राहिली. पुढचा पूल शाबूत आहे का, नदीला उतार आहे का, हे आधी कळणे किती मोलाचे असते ते यावरून ध्यानात येईल. अशी बातमी आणण्यासाठीच टेहळणीची हलकी चिलखती गाडी असते.

त्या काळी आपल्या सैन्यात डेमलर नावाची अशी गाडी होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये श्रीनगरजवळ शालटेंगच्या लढाईत सातव्या लाइट कॅव्हलरीने ती वापरली. तिचे वजन सुमारे साडेसात टन, वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर आणि चिलखताची जाडी जास्तीत जास्त १६ मिलिमीटर.

चिलखत इतके पातळ का? हिशेब करून पाहू. एक घनमीटर पोलादाचे वजन सुमारे ७,८५० किलोग्रॅम असते. म्हणजे १० मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७८.५ किलोग्रॅम भरतो. गाडीला असा ३० चौरस मीटर पत्रा लागतो असे समजा. त्याचे वजन २,३५५ किलोग्रॅम होईल. जाडी पाचपट केली, तर नुसता पत्राच पावणेबारा टनांचा होईल! मग वेग कोठून आणायचा? म्हणून हे चिलखत बंदुकीच्या गोळीपुरतेच असते. रणगाड्याच्या तोफेपुढे ते टिकत नाही.

आता आपली काळी जमीन घ्या. गाडीची चार चाके जमिनीवर प्रत्येकी ५०० चौरस सेंटिमीटर टेकतात असे मानले, तर दर चौरस सेंटिमीटरवर पावणेचार किलोग्रॅम भार येतो. रणगाडा कितीतरी जड. पण रुंद पट्ट्यांमुळे त्याचा भार सुमारे एक किलोग्रॅमच पडतो. साहजिकच पावसाने फुगलेल्या काळ्या मातीत चाके रुततात आणि गाडीला रस्ता धरूनच जावे लागते. शत्रूही हे जाणून रस्त्यावरच दबा धरतो.

मग गाडीतले तिघे, म्हणजे चालक, तोफची आणि प्रमुख, काय करतात? चढ लागला की माथ्याच्या अलीकडेच थांबतात. फक्त फिरता बुरूज वर डोकावतो. इंजिन बंद करून कानोसा घेतात, दुर्बिणीने पाहतात. गाड्या जोडीने जातात. एक पुढे सरकते तेव्हा दुसरी नजर ठेवते. काय दिसले, किती, कोठे, केव्हा, हे बिनतारी यंत्रावरून लगेच कळवतात. शत्रू आढळला तर झुंजत बसायचे नाही, बातमी घेऊन परतायचे. यासाठी डेमलरला मागच्या बाजूस दुसरे स्टिअरिंग चाक होते आणि पाचही गीअर उलट दिशेने चालत. त्यामुळे अरुंद रस्त्यावरही गाडी न वळवता भरवेगाने मागे नेता येई.

करून पाहा : एस.टी.ने नांदेडहून लातूरला जाताना एक पूल निवडा. त्याची रुंदी, खालचे पाणी, दोन्ही काठांची माती आणि जवळची उंच जागा नीट पाहा. मग चारच वाक्यांत असे लिहा, की तो पूल कधीही न पाहिलेल्या माणसाला पुढे जावे की थांबावे, हे ठरवता येईल.