नागरिकांचा कौल आणि मानवी हक्क : सिॲटल शहराचा अनुभव

एखाद्या शहरात मानवी हक्क आयोग स्थापन झाला, म्हणजे तेथील अन्याय आपोआप दूर होतो असे नाही. आयोगापुढे कोण बोलतो, त्याचे कोण ऐकतो आणि ऐकून काय केले जाते, यांवर त्याचे यश अवलंबून असते. या दृष्टीने अमेरिकेतील सिॲटल या बंदराच्या शहराचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

मागणी रस्त्यावरून

सिॲटलमध्ये कृष्णवर्णीयांना हव्या त्या वस्तीत घर मिळत नसे. खरेदीखतांतच त्यांना व आशियाई वंशाच्या लोकांना घर न विकण्याच्या अटी घातल्या जात. न्यायालयांनी अशा अटींची अंमलबजावणी करता कामा नये, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तथापि व्यवहारातील भेदभाव कायम राहिला. परिणामी बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे शहराच्या मध्यवर्ती भागातच कोंडली गेली.

१ जुलै १९६३ रोजी सुमारे ४०० नागरिकांनी नगर भवनावर मोर्चा नेला, तर काही तरुणांनी महापौरांच्या कार्यालयात ठिय्या दिला. १७ जुलै रोजी नगर परिषदेने मानवी हक्क आयोग निर्माण केला. परंतु बारा सदस्यांच्या या आयोगात कृष्णवर्णीय सदस्य केवळ दोन होते. ज्यांच्या हक्कांसाठी आयोग नेमला, त्यांनाच त्यात पुरेसे स्थान नव्हते. याविरुद्ध पुन्हा निदर्शने झाली आणि अनेकांना अटक झाली.

मतपेटीतील पराभव

घरांची विक्री करताना व ती भाड्याने देताना वंशभेद करण्यास मनाई करणारा वटहुकूम तयार करणे, हे आयोगाचे पहिले महत्त्वाचे काम होते. मात्र नगर परिषदेने स्वतः अंतिम निर्णय न घेता हा प्रश्न सार्वमतास टाकला. आपले घर कोणास द्यावे हे ठरविणे हा मालकाचा अधिकार आहे, असा प्रचार विरोधकांनी केला. १० मार्च १९६४ रोजी मतदान झाले. वटहुकुमाच्या बाजूने ५४,४४८ आणि विरोधात १,१५,६२७ मते पडली.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. अल्पसंख्याकांना निवारा मिळावा की नाही, हे बहुसंख्याकांच्या मतांनी ठरवावे काय? नागरिकांचे मत अजमावणे लोकशाहीत आवश्यकच आहे. परंतु ज्याला घर नाकारले गेले त्याची साक्ष आणि ज्याला ते कधीच नाकारले गेले नाही त्याचे मत, ही एकाच मापाने मोजता येत नाहीत.

पराभवानंतरही काम थांबले नाही. भेदभाव न करता घर देण्यास तयार असलेल्या मालकांच्या याद्या स्वयंसेवकांनी ठेवल्या. १९६७ मध्ये सॅम स्मिथ हे नगर परिषदेवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर दोनच आठवड्यांनी, १९ एप्रिल १९६८ रोजी, परिषदेने वटहुकूम एकमताने मंजूर केला.

जातिभेदाविरुद्ध कायदा

याच शहरात २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातिभेदास कायद्याने बंदी घालण्यात आली. अमेरिकेतील कोणत्याही शहराने असे पाऊल उचलण्याची ती पहिलीच वेळ होती. हा प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. परिषदेपुढे दोन्ही बाजूंच्या रहिवाशांनी आपली बाजू मांडली आणि सहा विरुद्ध एक मताने प्रस्ताव संमत झाला. या वेळी प्रश्न मतपेटीकडे न सोपविता, लोकांचे म्हणणे ऐकून प्रतिनिधींनीच निर्णयाची जबाबदारी घेतली, हा फरक लक्षणीय होय.

महाराष्ट्रातील नागरिकांसाठी

महाराष्ट्रात राज्य मानवी हक्क आयोग मार्च २००१ मध्ये स्थापन झाला. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण अधिनियमानुसार, लोकसेवकाकडून हक्कांचे उल्लंघन झाल्यास, किंवा असे उल्लंघन रोखण्यात त्याने हयगय केल्यास, पीडित व्यक्तीला अथवा तिच्या वतीने अन्य कोणालाही तक्रार करता येते. घटनेपासून एक वर्ष उलटल्यावर मात्र आयोगाला त्या प्रकरणाची चौकशी करता येत नाही. म्हणून घटनेची तारीख, स्थळ व संबंधित अधिकाऱ्याचे पद वेळीच लिहून ठेवावे. आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे अधिकार आहेत. चौकशीअंती तो शासनाकडे नुकसानभरपाईची किंवा कारवाईची शिफारस करतो.

शिफारशीला बळ येते ते जागरूक लोकमताने. शेजाऱ्यावरील अन्यायाची तक्रार त्याच्या वतीने नोंदविण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. तिचा उपयोग करणारे नागरिक जितके अधिक, तितका आयोग दुर्बलांच्या अधिक जवळ येईल.