आधी तिला एकटं राहू द्या

इग्वाना घरी आणला की पहिले दोन आठवडे त्याला हात लावायचा नाही. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. एवढे पैसे मोजून आणलेला प्राणी, आणि नुसता लांबून बघायचा? बघायचा. तोही फार निरखून नाही.

सांगलीत माझ्या भाच्यानं साठवलेल्या पैशांतून हिरव्या इग्वानाचं पिल्लू आणलं. बोटभर अंग, त्याच्या दुप्पट शेपूट. रंगावरून नाव पडलं मिरची. त्या वयात नर-मादी ओळखता येत नाही, पण विकणाऱ्यानं ‘फीमेल आहे, शांत असते’ असं ठोकून दिलं होतं. ‘पाला टाका, रोज हातात घ्या, लगेच माणसाळते’ एवढ्यावर त्याची माहिती संपली. भाच्याच्या आजीनं पहिल्या दिवशी ‘पालीची जात घरात?’ म्हणून तोंड फिरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच आजी गल्लीतल्या बायकांना बोलावून मिरची दाखवू लागल्या. शेजारची मुलं, ताईच्या भिशीचं मंडळ, सगळ्यांच्या तळहातांवरून ती फिरली. हातात घेतलं की डोळे मिटायची. ‘बघा, कशी लाडात आलीय!’ यावर सगळ्यांचं एकमत होतं.

आठवडा उलटायच्या आत मला साताऱ्याला फोन. ‘मामा, ही काय खाईनाच बघा. नुसती गप पडून असतीय.’

मी गेलो तेव्हा हिरवा रंग जाऊन अंगावर मळकट तपकिरी छटा आली होती. जुनी माशांची काचपेटी हॉलमध्ये, टीव्हीखाली जमिनीवर ठेवलेली. एका कोपऱ्यात साधा बल्ब, तोही झोपताना बंद. दिवस थंडीचे होते. पेटीत चढायला फांदी नाही, लपायला जागा नाही. जाणारायेणारा प्रत्येक माणूस तिच्या डोक्यावरून वाकून बघत होता.

भर दिवसा, हात लागताच इग्वाना डोळे मिटतो तो लाडानं नव्हे. पळायला वाट नसली की समोरचं संकट नकोसं झाल्याची ती खूण असते. अंग चपटं करणं, रंग काळवंडणं, गळ्याखालची पिशवी ताणणं, शेपटी बाजूला वळवून फटका मारायच्या तयारीत राहणं, या खुणा निदान लक्षात तरी येतात. डोळे मिटणं मात्र हमखास उलटं वाचलं जातं.

मी भाच्याला तिचं डोकं नीट बघायला सांगितलं. दोन डोळ्यांच्या मागे, टाळूवर मधोमध एक फिकट, वाटोळा खवला असतो. तो तिसरा डोळा. त्याला आकार दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. मी पेटीवरून नुसता तळहात फिरवला, स्पर्श न करता. मिरची तळाला चिकटली. झाडावर राहणाऱ्या या जिवाचा शत्रू आभाळातून येतो, आणि इथे दिवसभर आभाळातून माणसांचे हात येत होते.

वरून येणाऱ्या या भीतीचा पडताळा बघायचा तर मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या जंगलापर्यंत जायला नको. सज्जनगड, ठोसेघर ओलांडून चाळकेवाडीच्या पठारावर जा. पवनचक्क्यांच्या त्या सड्यावर उन्हाळ्यात पंख्यासारखा गळा फुलवणारे सरडे दिसतात. निळा, काळा, नारिंगी गळा असलेली ही जात शास्त्रज्ञांनी २०१६ साली ‘सारडा सुपर्बा’ या नावानं नोंदवली. याच सरड्यांवर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी होते. तिथले सरडे संख्येनं जास्त होते, त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी होतं, आणि माणूस बराच जवळ आला तरी ते पळत नव्हते. त्यांना कोणी चारा घातला नव्हता की अंगावरून हात फिरवला नव्हता. वरून झडप येणं कमी झालं, एवढंच. पाळलेल्या सरड्याचा विश्वास मी यातूनच समजतो. कुत्रा माया लावून घेतो. सरड्याच्या बाबतीत भीतीचं कारण काढून घ्यायचं असतं, आणि ते निघालं की उरतं त्याला आपण विश्वास म्हणतो. यात ज्यांना कमीपणा वाटतो त्यांनी कुत्रा पाळावा.

तेव्हा पहिलं काम जागेचं. पेटी आडवी नको, उभी हवी, आणि ती उंचावर ठेवायची. कपाटावर, निदान आपल्या डोळ्यांच्या रेषेत. इग्वाना वर बसला की निवांत होतो. आपण खाली असलो तर त्याला आपलं भय कमी. आत जाड फांद्या, मागे आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठा किंवा कापड, पानांचा आडोसा. टीव्ही, मिक्सर, मांजर यांच्यापासून लांब.

दुसरं काम उबेचं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ‘रुसलीय’, ‘नाराज आहे’ असं ज्याला म्हणतात ते बहुतेक वेळा गारठणं असतं. सरड्याला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. पोटात गेलेला पाला पचायलाही बाहेरची ऊब लागते. ती नसेल तर अन्न आतच कुजतं. वरच्या फांदीपाशी ३२ ते ३५ अंश, खालच्या कोपऱ्यात २६-२७, रात्री २४ च्या आसपास. अंदाजावर जाऊ नका, दोन्ही टोकांना तापमापक लावा. दिवा जाळीच्या बाहेर ठेवा, नाहीतर त्याला चिकटून पोट भाजून घेतात आणि भाजलेलं त्यांना वेळेवर कळत नाही. अतिनील किरणांची यूव्हीबी ट्यूब वेगळी लागते. ती नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, जबडा मऊ पडतो, पाय थरथरतात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण नसतात. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं तर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागात सावली ठेवून. काचेची पेटी उन्हात ठेवू नका. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यात ती थोड्याच वेळात भट्टी होते. लाइट गेली तर इन्व्हर्टर, तो नसेल तर गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून. साताऱ्याच्या थंडीत मिरची माझ्याकडे राहायला आली तेव्हा ही बाटली रोज संध्याकाळी तयार असायची.

खाण्याचं सोपं आहे. इग्वाना पूर्ण शाकाहारी. शेवग्याचा पाला, तुतीची कोवळी पानं, जास्वंदीची पानं-फुलं, किसलेला लाल भोपळा, चिरलेला घेवडा, अधूनमधून पपईची फोड. पालक रोज नको, अळू तर मुळीच नको. अंडं, दूधभात, चपाती, कुत्र्याचं खाणं हे सगळं मूत्रपिंडावर येतं. द्राक्षाची पानं त्यांना चालतात, पण तासगाव-पलूसकडच्या बागेतून ‘ताजी’ म्हणून आणू नका. फवारणी आणि मोरचूद पानावर डोळ्यांना दिसेलच असं नाही. ताटली सकाळी, अंग तापल्यावर ठेवायची आणि खोलीतून निघून जायचं. नव्या जागी पहिले काही दिवस थोडंच खातात, तेही कोणी बघत नसताना. आठवडा गेला, ऊब बरोबर आहे आणि तरी ताटली तशीच, तर मात्र डॉक्टर. काचेवर पांढरी पूड दिसली तर घाबरू नका; अंगातलं जादा मीठ इग्वाना शिंकेवाटे बाहेर टाकतो. भाच्यानं त्यावर सर्दीचं औषध आणून ठेवलं होतं, ते तेवढं परत केलं.

हाताची ओळख यानंतर. आधी पेटीजवळ खुर्ची टाकून आपलं वाचन करायचं, तिच्याकडे टक लावून न बघता. मग दार उघडून हात आत, खालच्या बाजूनं, तिला दिसेल असा, हळू. नुसता ठेवायचा. पुढे बोटांत जास्वंदीचं फूल धरायचं. ती अस्वस्थ होण्याआधी हात बाहेर काढायचा. तिनं शेपटी उगारलीच तर दचकून हात ओढू नका. थांबा, ती निवळली की मग काढा, नाहीतर फटका मारला की माणूस पळतो हे ती पक्कं शिकते. फूल हातातून घ्यायला लागली की छातीखाली बोटं सरकवून, चारही पायांना आधार देत उचलायचं. वरून पकडायचं नाही, शेपटी धरायची नाही. ती तुटून हातात येते. कात टाकायच्या दिवसांत हे सगळं बंद. प्रत्येक वेळी हात साबणानं धुवायचे, कारण साल्मोनेलाचे जंतू.

मिरची हातातून फूल घेऊ लागली त्यालाही बरेच आठवडे लागले. आजींचं म्हणणं, त्या रोज शेजारी बसून जप करायच्या म्हणून ती माणसाळली. मला ते नाकारता येत नाही. जप करताना माणूस हलत नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवा. चाळकेवाडीचे ते बिनधास्त सरडे अंगानं रोडावलेले होते, गर्दीत खाणं पुरत नव्हतं, गळ्याचे रंगही फिके होते. न घाबरणारा सरडा निरोगी असतोच असं नाही. कधीकधी त्याच्यात पळायचं त्राणच नसतं. म्हणून महिन्याला वजन करून लिहून ठेवा. प्राणी घेण्याआधीच डॉक्टर शोधा. आपल्याकडचे पशुवैद्य गाईम्हशी आणि कुत्र्यांत मुरलेले असतात. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे सरपटणारे प्राणी कोण बघतं याची चौकशी करता येईल. आणि आपली मिरची नर निघाली तर वयात आल्यावर, विणीच्या काळात, सगळी ओळख विसरून चावायला धावू शकते. त्याचा राग धरू नये, हातमोजे घालावेत.

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी बघत वाढलेल्या आमच्या भागात सरपटणारा प्राणी हातात धरणं म्हणजे मर्दुमकी. न्यायालयाच्या आदेशानं जिवंत नागांचे खेळ थांबले, तरी हातांची खाज अजून गेलेली नाही. काहींना उसाच्या फडात सापडलेली घोरपडच पाळावीशी वाटते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. ती घरात ठेवणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. हिरवा इग्वाना परदेशी असला तरी वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या यादीतला आहे, म्हणून वनखात्याच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. विकणारा कागद देत नसेल तर तिथूनच परत फिरा. कंटाळा आला म्हणून कृष्णाकाठी सोडून देऊ नका. फ्लोरिडा आणि तैवान हे सोडलेले इग्वाना आज निस्तरत आहेत. हा प्राणी पाच-सहा फूट वाढतो, नीट ठेवला तर पंधरा वर्षं जगतो आणि त्याला जवळपास एक खोली लागते. ती देता येणार असेल तरच घ्या. आणि शेतात, आवारात घोरपड दिसली तर तिला हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.