अंगावर काढलेले दुखणे



रुग्णाभ्यंगाचा संस्कार देण्यासाठी आम्हाला अनेक घरी जावे लागते. खाटेवर एखादी आई किंवा आजी असते. प्रार्थना झाल्यावर घरच्यांना विचारले, "त्रास कधीपासून?" तर आधी उत्तर येते, "फार दिवस नाही, फादर." मग स्वयंपाकघराच्या दारातून सून हळूच म्हणते, "वर्ष झालं असेल. पण त्या बोलल्याच नाहीत." असे शब्द ऐकले की मन खिन्न होते. रुग्णाभ्यंग हा आजारपणातील बळ देणारा संस्कार आहे. तो उशिराचे निमंत्रण होऊ नये, म्हणून आजचा हा पाठ.

शुभवर्तमानातील भगिनी

संत मार्कलिखित शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडा. तेथे बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री भेटते. तिने पुष्कळ वैद्य केले, जवळचा पैसा संपवला, आणि दुखणे वाढतच गेले. त्या काळच्या नियमाप्रमाणे ती अशुद्ध ठरत होती, म्हणून ती गर्दीत लपत, मागून आली आणि येशूच्या वस्त्राला शिवली. येशू त्या वेळी याईर नावाच्या मोठ्या माणसाच्या घरी निघाला होता. त्याची मुलगी मरणाच्या दारात होती. तरीही येशू थांबला. ती बरी झाली होती, पण त्याला तिला समोर आणायचे होते. भीत भीत तिने सर्व काही खरे सांगितले, आणि त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारली.

या प्रसंगात आम्हाला दोन गोष्टी दिसतात. आपले दुखणे सांगण्यात लाज नाही, ही पहिली. दुसरी अशी की, कितीही मोठे काम असले तरी तिचे ऐकण्यासाठी थांबणारा कोणी तरी हवा.

धूर आणि अग्नी

आपल्या भारतीय न्यायशास्त्रात एक जुना दाखला आहे. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असावा असे आपण अनुमान करतो. शरीराची लक्षणे या धुरासारखी असतात. लक्षण म्हणजे आजार नव्हे. कधी कधी दुरून धूर वाटते आणि जवळ गेल्यावर धुके निघते. पण ते धुके आहे की धूर, हे घरात बसून ठरत नाही. डोंगरावर जाऊन पाहावे लागते. डॉक्टरांची तपासणी म्हणजे हे जाऊन पाहणे. म्हणून लक्षण दिसताच घाबरून जाणे चूक, आणि "होईल बरे" म्हणून डोळे मिटणे ही त्याहून मोठी चूक.

बार्शीने दिलेला धडा

आपल्या मराठवाड्याच्या शिवेवर, सोलापूर जिल्ह्यात बार्शी आहे. तेथील नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील खेड्यांत फिरत, लोकांना धोक्याची लक्षणे समजावून सांगत आणि तपासणीला येण्याचा आग्रह धरत. काही वर्षांतच दिसून आले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या आहेत. हे कशाने घडले? मोठ्या यंत्राने नव्हे, तर बोलण्याने.

पुढे १९९९ पासून त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटातील स्त्रियांना एचपीव्ही विषाणूची एकदाच चाचणी देऊ केली होती, त्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या गटाला अशी चाचणी नव्हती तेथे ६४ झाले. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे होते. एका चाचणीने एवढा फरक पडला. त्या स्त्रिया आपल्यासारख्याच शेतात खपणाऱ्या, ज्वारीची भाकरी खाणाऱ्या होत्या.

ही लक्षणे अंगावर काढू नका

१. पाळी कायमची गेल्यावर वर्षभराने किंवा त्यानंतर पुन्हा रक्त जाणे, मग ते एकच डाग असो. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पती-पत्नी संबंधानंतर रक्त जाणे.

२. अंगावरून पांढरे जाण्याला घाण वास असणे, त्यात रक्त असणे, किंवा ओटीपोटात सतत दुखणे. बहुतेक वेळा हा साधा जंतुसंसर्ग असतो व औषधाने बरा होतो, पण तो तपासूनच ठरवावा.

३. स्तनात किंवा काखेत गाठ लागणे, कातडी आत ओढली जाणे, बोंडातून रक्त किंवा पाणी येणे. "दुखत नाही, म्हणजे काही नाही" हा समज घातक आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

४. छातीवर दडपण, धाप, घाम, मळमळ, पाठीत, जबड्यात किंवा हातात कळ. हृदयविकार फक्त पुरुषांना होतो असे नाही. स्त्रियांमध्ये छातीत फारशी कळ न येताही तो येतो, आणि घरचे "पित्त झाले" म्हणून सोडा देत बसतात. अशा वेळी लगेच १०८ ला फोन करा.

५. दोन आठवड्यांत न भरणारे तोंडातील फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे. मिश्री लावणाऱ्या व तंबाखू खाणाऱ्या भगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

६. पाळीत अतिशय रक्त जाणे, चक्कर, थोड्या कामाने धाप लागणे, डोळ्यांच्या पापण्या आतून फिकट दिसणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या चर्चमधील दोन बहिणी शेजारी बसल्या, तर त्यांतील एकीला तो असू शकतो.

७. काही आठवडे रोजच पोट फुगणे, दोन घास खाताच पोट भरणे, कारणाशिवाय वजन उतरणे.

८. गरोदरपणी तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्त जाणे किंवा बाळाची हालचाल कमी होणे. येथे उद्याची वाट पाहू नका.

घाबरून पिशवी काढू नका

धूर दिसला म्हणून कोणी घरच पाडत नाही. पण आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो भगिनींच्या बाबतीत तसेच काहीसे घडले. २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तपासणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. पांढरे जाणे, पाळीचा त्रास यांसाठी गेलेल्या कित्येकींना कर्करोगाची भीती घातली गेली, आणि खाडा झाला तर मजुरी बुडते ही चिंता होतीच. आपल्या जिल्ह्यातूनही कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात, म्हणून हे सांगतो. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्या. रिपोर्ट मागून घ्या व जपून ठेवा.

आता काय करावे?

तीस वर्षांवरील स्त्रियांची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी प्राथमिक तपासणी हा सरकारी आरोग्य कार्यक्रमाचा भाग आहे. आपल्या गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. पुढील तपासणीसाठी परभणीचे जिल्हा रुग्णालय आहे, आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर न्या, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेविषयी तेथील आरोग्यमित्रांना विचारा. मुली लहान असतील तर एचपीव्ही लसीबद्दलही डॉक्टरांशी बोला. जागतिक आरोग्य संघटना ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी ती सुचवते.

काही भगिनी म्हणतात, "फादर, आम्ही जपमाळ करतो, नोव्हेना करतो, देव बघेल." जपमाळ जरूर करा. पण बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्यायही वाचा. वैद्य आणि औषध ही परमेश्वराचीच व्यवस्था आहे, असे तो शिकवतो. संत थॉमस अक्विनास यांच्या शिकवणीनुसार देह हा आत्म्याने पांघरलेला कपडा नव्हे, देह व आत्मा मिळून एकच मनुष्य होतो. तेव्हा देहाकडे दुर्लक्ष करण्यात कसलेही पुण्य नाही.

पुरुषांनाही एक शब्द. घरातील बाई सर्वांना वाढून शेवटी जेवते, तशीच आपले दुखणेही शेवटी सांगते. तिने सांगण्याची वाट पाहू नका, आपणहून विचारा. दवाखान्यात तिच्याबरोबर जा. सोयाबीन काढायचे आहे, कापूस वेचायचा आहे, ही कारणे दर हंगामात असतातच. येशूलाही याईरच्या घरी जायचे होते, तरी तो थांबला.

कुटुंबात चिंतनासाठी

१. आपल्या घरात कोणती स्त्री एखादे दुखणे अंगावर काढत आहे? आपण तिला शेवटचे कधी विचारले?

२. वरीलपैकी कोणते लक्षण आपण आजवर क्षुल्लक समजत होतो?

३. आपल्या वस्तीतील एकट्या भगिनीबरोबर दवाखान्यात कोण जाईल?

प्रार्थना : हे प्रभू येशू, गर्दीत लपलेल्या त्या भगिनीसाठी तू थांबलास. आमच्या आया-बहिणींना बोलण्याचे धैर्य दे, आम्हाला ऐकण्याची सवड दे, आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या हातांना आशीर्वाद दे. आमेन.