खळीचा कागद

बाजारातून आणलेली प्लॅस्टिकची पिशवी आपण किती वेळ वापरतो? घडीभर. मग ती जाते उकिरड्यावर. गाय ती खाते. गटार तिने तुंबते. पुरली तरी वर्षानुवर्षे कुजत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अशा पिशव्यांवर बंदी घातली. पण नुसत्या बंदीने भागत नाही. तिच्या जागी दुसरे काय, हेही शोधले पाहिजे.

हे शोधणारे एक शास्त्र आहे. त्याला हरित रसायनशास्त्र म्हणतात. अमेरिकेतील पॉल अॅनास्टस व जॉन वॉर्नर यांनी १९९८ साली त्याचे बारा नियम मांडले. पहिला नियम कोणालाही पटेल : घाण करून मग झाडत बसण्यापेक्षा ती होऊच देऊ नये. आणखी एक नियम म्हणतो, वस्तू पुन्हा पिकणाऱ्या मालाची करावी. दुसरा म्हणतो, काम संपले की ती निसर्गात विरून जावी.

शाळेतली मुले हे नियम प्रयोगशाळेत ताडून पाहतात. बटाटा किसून पाण्यात कालवतात व गाळतात. तळाशी पांढरा साका बसतो. तोच स्टार्च. एक मोठा चमचा स्टार्च, तसेच चार चमचे पाणी, एक लहान चमचा व्हिनेगर आणि तेवढेच ग्लिसरीन घेऊन मंद आचेवर ढवळतात. घोंगडीला लावायच्या चिंचोक्याच्या खळीसारखी दाट खळ होते. ती ताटलीत पातळ पसरून दोनतीन दिवस वाळवली की, आरपार दिसणारा कागद सुटतो. ग्लिसरीन घातले नाही, तर तो तडकतो.

आता खरी परीक्षा. दोन कुंड्यांत ओली माती भरतात. एकीत हा कागद पुरतात, दुसरीत प्लॅस्टिकचा तुकडा. दर आठवड्याला उकरून पाहतात आणि वहीत लिहितात. कागद हळूहळू विरतो. प्लॅस्टिक जसेच्या तसे!

मग या कागदाच्या पिशवीतून दूध आणता येईल का? नाही. पाणी लागले की तो मऊ पडून फाटतो. शिवाय बटाटा म्हणजे खायचे अन्न. फेकून दिलेल्या आंब्याच्या कोयीतही स्टार्च असतो. त्यावरही प्रयोग होतात. काम अजून पुरे झालेले नाही. तोवर खुंटीवरची कापडी पिशवी बरी. पहिला नियम तीच पाळते.

तुमच्या मुलाने किंवा नातीने हा प्रयोग घरी करायचा म्हटले, तर ‘पसारा नको’ म्हणू नका. चुलीपाशी तुम्ही बसा, खळ भाजते. आणि कुंडीची नोंद? ती तुम्हीच लिहा. आता तुम्हाला लिहिता येते.