नव्या साथीतील पहिले आकडे

प्रश्न : नवा विषाणू आढळला की सुरुवातीला मृत्यूचे प्रमाण भयंकर दिसते, पुढे ते उतरते. पहिली माहिती फुगवलेली असते काय?

उत्तर : ती फुगवलेली नसते, अपुरी असते. निदान झालेल्या रुग्णांपैकी किती दगावले याची टक्केवारी म्हणजे रुग्ण-मृत्युप्रमाण. साथीच्या आरंभी तपासणी मुख्यतः अत्यवस्थ रुग्णांचीच होत असल्याने या भागाकारातील छेद लहान राहतो आणि प्रमाण चढते. २००९ मध्ये मेक्सिकोतून आलेल्या स्वाइन फ्लूच्या पहिल्या बातम्यांत, घरीच बरे झालेले असंख्य रुग्ण हिशेबात नव्हते. उलट चूकही संभवते, कारण आज नोंदलेल्यांपैकी काहींचा मृत्यू काही आठवड्यांनी होतो; २००३ च्या सार्समध्ये आरंभीचे सुमारे ४ टक्क्यांचे अनुमान अखेरीस १० टक्क्यांच्या जवळ गेले. म्हणून सुरुवातीच्या एकाच आकड्यावर घाबरून जाणे जसे चुकीचे, तसे निर्धास्त होणेही घातक ठरते.

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेल्यावर तेथील नायडू रुग्णालयात तपासणीसाठी लोकांची झुंबड उडाली. ती भीती समजण्यासारखी होती, तथापि साधे पडसे झालेले आणि खरोखर बाधित असे दोघेही एकाच गर्दीत ताटकळत राहणे संसर्गालाच पोषक होते. सौम्य ताप-खोकला असणाऱ्याने घरी वेगळे राहावे. धाप लागल्यास किंवा रुग्ण गर्भवती वा मधुमेही असल्यास मात्र डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये.